बाकीचे दुपारी, बांगडे आले

आमच्या घरात जर्मन तत्त्वज्ञान आलं ते वजन बघून. बाबा जहाजावर भंडारी होते. भंडारी म्हणजे स्वयंपाकी, बोटीवरच्या सगळ्या माणसांना तीन वेळ खाऊ घालणारा. मी तेव्हा मुंबईला मामाकडे राहून संध्याकाळच्या वर्गात जर्मन शिकत होतो, कारण जर्मन येत असेल तर यंत्रांच्या कंपनीत थेट खुर्ची मिळते असं मला कोणीतरी सांगितलं होतं. खुर्ची मिळाली नाही, यंत्रांशी माझं कधी जमलं नाही, जर्मन तेवढं अंगाला चिकटलं. मी बाबांना पत्र लिहिलं, की हांबुर्गला बोट लागली तर एखादं चांगलं, मोठं जर्मन पुस्तक घेऊन या. बाबांनी त्यातला ‘मोठं’ हा शब्द मनावर घेतला. धक्क्याजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात, सुरमई उचलून बघावी तसं एकेक पुस्तक हातावर तोलत त्यांनी सगळ्यांत जड अशी तीन निवडली. ती निघाली एका थोर जर्मन तत्त्वज्ञाची तत्त्वज्ञानाच्या इतिहासावरची व्याख्यानं, तीन खंडांत. “एवढां जड आसा म्हणजे आत कायतरी आसतलाच,” बाबा म्हणाले. मी पुढे त्या पुस्तकावर पुष्कळ विद्वानांचे अभिप्राय ऐकले, पण याहून नेमका एकही नाही.

मी मुंबईहून हात हलवत वेंगुर्ल्याला परत आलो आणि बाबांनीही त्याच सुमारास बोट सोडली. घरात दोन बिनकामाचे पुरुष झाले. बाबांनी पहिल्याच आठवड्यात आईच्या हातातली पळी काढून घेतली. आईने दोन दिवस भांडून दाखवलं आणि तिसऱ्या दिवशी सुटल्यासारखी काजूच्या बागेत निघून गेली. त्यानंतर ती स्वयंपाकघरात आली ती फक्त नावं ठेवायला. बाबांनी सगळ्या बरण्यांवर बोटीवरच्या पिंपांवर करायचे तशा निळ्या पेन्सिलीने खुणा केल्या. हळद, धणे, तिरफळं, सोलं, मीठ. ती पेन्सिल जाड होती, अक्षरं त्याहून जाड. वादळात बोट कलली तरी वाचता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घराला वादळाचा धोका आईपुरताच होता.

मी पडवीत बसायचो. शेजारी काजूचा कारखाना होता, तिथे पन्नास बायका दिवसभर काजू फोडत, त्यामुळे सकाळी आठपासून खट्-खट्, खट्-खट् असा एकसुरी आवाज यायचा, आणि भाजणीचा धूर वारा पडला की थेट माझ्या टेबलावर उतरायचा. त्या धुरात मी एक दिवस, दुसरं काहीच करण्यासारखं नव्हतं म्हणून, पहिल्या खंडाचं पहिलं वाक्य मराठीत लिहायला घेतलं. ते वाक्य अर्धं पान लांब होतं. संध्याकाळपर्यंत मी त्याच्या क्रियापदाची वाट बघत होतो. दुसऱ्या दिवशी ते भेटलं आणि मला वाटलं, आपण हे संपूर्ण पुस्तक करू शकतो. तरुणपणी माणूस कशावरून काय अनुमान काढील याला सुमार नसतो. माझी पुतणी परवा त्याच पानावर फोन धरून उभी राहिली आणि फोनने चार सेकंदांत मराठी करून दाखवलं. मी ते वाचलं. बरंच बरोबर होतं. मी तिला म्हटलं, तुझ्या फोनला काजूचा धूर कुठे लागलाय? ती म्हणाली, काका, तुमच्या तोंडाला अजून त्याचा वास येतो.

माझी कामाची पद्धत अशी, की वाक्य आधी मोठ्याने म्हणायचं, मग लिहायचं. भिंतीपलीकडे बाबा मसाला वाटत ऐकत असायचे. त्या जर्मनाचं एक मुख्य म्हणणं होतं, आणि ते मला काही केल्या मराठीत उतरत नव्हतं. एक तत्त्वज्ञ येतो, आधीच्याला खोडून काढतो, त्याला दुसरा खोडून काढतो, पण खोडलेला कोणीच फुकट जात नाही. तो पुढच्याच्या आत राहतो. आठ दिवस मी संस्कृत शब्द जुळवत होतो. प्रत्येक शब्द सत्यनारायणाच्या पोथीतून पळून आल्यासारखा वाटायचा. शेवटी बाबा पाट्यावरून उठून हात पुसत पडवीत आले.

“काय म्हणता तो जर्मन? रोज तांच तांच म्हणतंस म्हणान इचारतंय.”

मी सांगितलं.

“म्हणजे कालच्या बांगड्याच्या तिखल्यासारखां,” बाबा म्हणाले. “आज खाल्लंस तर मसालो येगळो, बांगडो येगळो. उद्या खा. सगळां एकमेकांत मुरलेलां. गेलां काय नाय, पण येगळां दिसणा नाय.”

मी ‘मुरणे’ लिहिलं. त्या एका शब्दाने सगळी वाट मोकळी झाली. जुना विचार नव्या विचारात मुरतो. साडेतीन वर्षांत मी पहिला खंड संपवला, आणि त्यात काही जिवंत असेल तर ते त्या दिवशीच्या तिखल्यामुळे.

आता सर. सर जवळच्याच गावचे, पण मोठ्या शहरात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. दर मे महिन्यात घरी यायचे. पांढराशुभ्र झब्बा, सोनेरी काड्यांचा चश्मा, आणि आवाज असा की ‘पाणी द्या’ म्हणाले तरी ऐकणाऱ्याला वाटावं यात काहीतरी गूढ आहे. मालवणी त्यांनी टाकली होती. फक्त ताटात मासा पडला की ती आपोआप परत यायची. मी सहा वह्या घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दोन पानं उलटली, चश्मा काढला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “ठेवून जा. मी प्रस्तावना लिहितो.” मी तरंगत घरी आलो. दुसरी प्रत करून ठेवायची असते हे मला सुचलं नाही. खरं तर बाबांनी विचारलं होतं, “एकच कापी?” आणि मी त्यांना सांगितलं होतं, की विद्वान लोकांमध्ये असा अविश्वास चालत नाही.

पुस्तक वर्षभराने टपालाने आलं. बाबांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि ते ओटीवर घेऊन बसले. मुखपृष्ठावर जर्मनाचं नाव होतं, त्याखाली ‘अनुवाद’ आणि त्याखाली सरांचं नाव. बाबांनी पान उलटलं. बोट ठेवून एकेक ओळ खाली येत गेले. आतल्या पानावर सर, प्रस्तावनेखाली सर, ऋणनिर्देशात सरांचे गुरू, सरांच्या पत्नी, छापखान्याचे मालक. मग कुठेतरी बोट थांबलं.

“तुझां नाव आसा मरे हयसर,” बाबा म्हणाले. “मुंग्येएवढां.”

मी वाकून बघितलं. ‘हस्तलिखिताची स्वच्छ नक्कल करून देणारे वेंगुर्ल्याचे होतकरू तरुण’ आणि पुढे मी. स्वच्छ! माझ्या वह्यांवर काजूच्या तेलाचे काळे डाग होते, एका पानावर तर चिकटलेला खवला होता. बाबांनी पुस्तक मिटलं, आत गेले आणि पाट्यावर मसाला वाटायला लागले. कारखान्याची खट्-खट् चालूच होती, आणि मला प्रत्येक ठोका माझ्या टाळक्यावर पडतोय असं वाटत होतं.

आई मात्र बोलली. दुसऱ्या दिवशी ती देवळात गेली आणि गुरवाकडून रीतसर गाऱ्हाणं घालून आली, की बा देवा म्हाराजा, माझ्या झिलाचां नाव ज्येणा खाल्ल्यान त्येका तां पचता नये. झील म्हणजे मुलगा, म्हणजे मी. मागे उभ्या असलेल्या बायकांनी ‘होय म्हाराजा’ म्हटलं. एवढ्यावर तिचं मन शांत झालं. माझं झालं नाही. मी पुस्तक पानापानाने वाचायला घेतलं, सरांची एक तरी दुरुस्ती सापडते का बघायला. कारण दुरुस्ती सापडली असती तर निदान त्यांनी माझं वाचलं असं तरी झालं असतं. एकही सापडली नाही. आणि मग, ज्या पहिल्या ग्रीकाने सगळं जग पाण्यातून आलं असं म्हटलं त्याच्या प्रकरणात, एका गंभीर परिच्छेदाच्या मधोमध, मला एक ओळ दिसली. ‘अशा रीतीने पाणी हे केवळ पाणी राहत नाही. बाकीचे दुपारी, बांगडे आले. ते विचाराचे रूप धारण करते.’

झालं होतं असं, की आमच्या गल्लीत मासेवाली सकाळी दहाला हाक मारायची आणि बांगडे निवडून आणायचं काम माझ्याकडे होतं. उठताना कुठे थांबलो याची मी वहीत खूण लिहून जायचो. ती खूण सरांनी, जुळाऱ्याने, मुद्रिते तपासणाऱ्याने, सगळ्यांनी थोर जर्मनाची म्हणून छापली होती. मी हसलो नाही. मला फक्त एवढंच दिसलं, की या माणसाने माझं एक पानसुद्धा वाचलेलं नाही. त्याने न वाचता चोरलं. वाचून चोरलं असतं तर मी कदाचित कधीतरी माफ केलं असतं.

मे महिन्यात सर स्वतः आमच्या घरी आले. हातात पेढे, चेहऱ्यावर असं हसू की जणू पुस्तक दोघांचं आहे. मी पडवीच्या खांबाला धरून उभा होतो. मी म्हटलं, “सर, माझं नाव...”

“अहो, नावाचं काय!” सर म्हणाले. “खुद्द या जर्मनाचं पुस्तक त्याच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून तयार झालं. तो गेल्यानंतर. त्या विद्यार्थ्यांची नावं कोणाला माहीत आहेत? ज्ञानाला नाव नसतं.” (मूळ जर्मन पुस्तकाच्या पहिल्याच पानावर त्या संपादक शिष्याचं नाव ठळक छापलेलं आहे. सरांनी ते पान उघडलं नव्हतं.) “आता दुसऱ्या खंडाचं बघा. लोक विचारतायत.”

मी तोंड उघडणार, एवढ्यात बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, “सर, आधी जेवा. तिखलां झालांसा.”

सर पोटभर जेवले. दुसऱ्यांदा वाढताना त्यांची मालवणी परत आली, “वायच रस घाला मरे,” आणि बाबांनी वाढलं, अगदी मनापासून. मला बाबांचाच राग आला. सर गेल्यावर मी ताट आपटलं. बाबांनी ते उचलून जागेवर ठेवलं आणि मला एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी तोवर घरात कोणाला सांगितली नव्हती. बोटीवर एक बडा मालम होता, म्हणजे कप्तानाच्या खालचा साहेब. त्याने एकदा सगळ्यांसमोर बाबांच्या अंगावर रश्शाचा वाडगा फेकला.

“मी काय बोललंय नाय,” बाबा म्हणाले. “दुसऱ्या दिवसापासून तेच्या एकट्याच्या ताटातलां मीठ एक चिमटी कमी. फुडच्या दिवशी आणि एक चिमटी. बाकी सगळां झ्याक. पंधरा दिवसांनी तो डॉक्टराक जीभ दाखवीत होतो. शेवटाक माझ्याकडेच इलो. म्हणता, भंडारी, माझी चव गेली रे.”

“मग?”

“मगे काय? मी म्हटलंय, साहेब, वय झालां.” बाबांनी ताटलीतलं उरलेलं मीठ बरणीत परत टाकलं. “घाय करू नको. चिमटी. पातेलां नाय.”

मला तो उपदेश एवढा आवडला की मी फक्त अर्धाच ऐकला. आईने त्याच संध्याकाळी, दुसरा खंड सरांना द्यावा की नाही याचा देवाला कौल लावला. आमच्याकडे पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतात, उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नको. “डावो पडलो,” आई येऊन म्हणाली. “देव नको म्हणता.” मी तिला हसून सांगितलं, की आपण ज्या पुस्तकाचं भाषांतर करतोय ते बुद्धीचं पुस्तक आहे. आणि ते बोलत असतानाच माझ्या डोक्यात सूड कसा घ्यायचा ते आलं.

मी दुसऱ्या खंडात एक तत्त्वज्ञ घुसवला. नाव लिम्नाक्रितस. समुद्रकाठच्या एका छोट्या ग्रीक गावचा, रोज मासे खाणारा. त्याचं म्हणणं असं, की सत्य कोणाच्या हातात नसतं, ते गळून पडतं. म्हणून वाद सुरू करण्याआधी दोन्ही पक्षांनी एका दगडाला ओल्या पाकळ्या चिकटवाव्यात आणि कोणती आधी पडते ते बघावं. सर हे छापणार, शहरातला एखादा खरा विद्वान मूळ पुस्तक उघडून बघणार, आणि मग सरांची जी जीभ जाईल ती कुठल्याच डॉक्टरला सापडणार नाही, अशी माझी योजना. चिमटीचं काम होतं. दोन ओळी पुरल्या असत्या. पण मी त्या माणसाच्या प्रेमात पडलो. त्याला मी एक भांडकुदळ बायको दिली, दोन शिष्य दिले, बंदरावर एक वाद दिला, ज्यात तो एका गर्विष्ठ पंडिताला हरवतो. त्या पंडिताला सोनेरी काड्यांचा चश्मा देण्याचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरला. शेवटी जर्मनाच्या तोंडी त्याच्यावर एक कडक टीकाही घातली, कारण जर्मनाने टीका केल्याशिवाय कोणाला सोडलेलं नाही. अकरा पानं झाली. बाकी खंडात मी घाम गाळत होतो, या अकरा पानांत शीळ घालत होतो. आज मोतीबिंदूच्या डोळ्यांनी वाचताना सांगतो, की माझ्या हातून मराठीत लिहिली गेलेली सगळ्यांत चांगली पानं तीच, आणि ती खोटी आहेत.

कोणा विद्वानाने मूळ पुस्तक उघडलं नाही. खंड निघाला, स्तुती झाली, आणि आमच्या वेंगुर्ल्यातल्या वाचनालयाने सरांचा सत्कार ठरवला. दुपारी चारची सभा होती. आई पुढून तिसऱ्या रांगेत बायकांमध्ये, बाबा मागे खांबाजवळ, मी त्यांच्या शेजारी. मी ठरवून आलो होतो, की गप्प बसायचं आणि फक्त बघायचं. सर उभे राहिले आणि त्यांनी वाचायला नेमकं काय घ्यावं? लिम्नाक्रितस! पाकळ्यांचा दगड, डावं-उजवं, सगळं त्या आवाजात. दुसऱ्याच वाक्याला आईने शेजारणीला कोपर मारलं आणि अख्ख्या सभेला ऐकू जाईल असं म्हणाली, “गो बाय, ह्यो तर आमचोच कौल!” गुरव समोरच बसला होता, तो अभिमानाने ताठ झाला. मला वाटलं, आता सर अडकले. सरांनी पुस्तक खाली केलं, चश्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, “पाहिलंत? ग्रीस आणि कोकण! विचार सर्वत्र एकच असतो.” टाळ्यांनी कौलं हलली. माझ्याच तत्त्वज्ञाच्या जिवावर.

तेही मी गिळलं असतं. पण सरांना रंग चढला होता. ते म्हणाले, “लोक मला विचारतात, ‘मुरणे’ हा शब्द तुम्हाला कसा सुचला? मी सांगतो, कित्येक आठवड्यांच्या चिंतनानंतर, एका पहाटे...”

मी बाबांकडे बघितलं. बाबा आपल्या बोटांच्या पेरांकडे बघत होते, तिथली हळद कधी जायची नाही. त्यानंतर मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. लोकांनी सांगितलं ते असं, की मी खुर्चीवर चढलो.

“तो माणूसच नव्हता!” मी ओरडलो.

“कोण माणूस?” सरांनी विचारलं.

“लिम्नाक्रितस! तो मी बनवला! आमच्या पडवीत! दोन्ही खंड मी लिहिलेत, सर, तुम्हाला जर्मनचं ओ की ठो येत नाही!” आणि पुरावा म्हणून मी एक संपूर्ण जर्मन वाक्य म्हणायला घेतलं. क्रियापदापर्यंत पोचायच्या आत लोक हसायला लागले.

सर हसले नाहीत. त्यांनी सावकाश चश्मा पुसला. “म्हणजे,” ते दुःखाने म्हणाले, “मी विश्वासाने नक्कल करायला दिलेल्या हस्तलिखितात तुम्ही आपल्या मनाचं घुसडलंत?”

चार महिने मी प्रत्येक पाकळीचा विचार केला होता. या एका वाक्याचा केला नव्हता. मग मागून कोणीतरी मला घरच्या नावाने हाक मारून म्हणालं, “शिरग्या, ह्यां काय केलंस रे मेल्या? सरांच्या पुस्तकात?” मी खुर्चीवरून उतरलो. वाचनालयाच्या कार्यवाहांनी माझा दंड धरला. त्यांनी तो हळुवार धरला, वेड्या माणसाचा धरतात तसा, आणि तेच मला आजवर जास्त झोंबतं.

आम्ही तिघं घरी आलो. दारात आई म्हणाली, “देव नको म्हणा होतो,” आणि आत गेली. बाबांनी चूल पेटवली.

“मीठ जास्त पडलां,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

“अकरा पानां कित्याक? चिमटी म्हटल्ललंय मी.” मग त्यांनी माझ्याकडे वळून अगदी साधेपणाने विचारलं, “आणि तू तां बांगड्याचां वाक्य कित्याक नाय वाचून दाखवलंस? पयल्या पुस्तकातलां? सर काय सकाळी धा वाजता बांगडे आणूक जाय होतो?”

मी जमिनीवर बसलो. अख्खं वेंगुर्ला मला रोज दहाला त्या गल्लीत बांगड्याचे डोळे तपासताना बघायचं. मासेवाली स्वतः सभेला आली होती. एक ओळ वाचली असती तर सगळी सभा ओरडली असती की हा आमचा शिरग्या. माझं नाव त्या पुस्तकात छापलेलं होतं, माझ्या हातून, फुकट, आणि मी ते सोडून एक ग्रीक तयार करत बसलो.

प्रकाशकाने दुसरा खंड मागे घेतला आणि लगद्याला दिला. लिम्नाक्रितसबरोबर त्या खंडावर घातलेली माझी चार वर्षंही गेली. नकलाकाराच्या खोडसाळपणामुळे, असं सर जिथे तिथे सांगत. पण तिसरा खंड त्यांना मिळाला नाही. त्यांनी निरोप धाडले, माणसं पाठवली, एकदा तर चक्क मालवणीत पत्र लिहिलं. मी खंड पूर्ण केला, ट्रंकेत घातला आणि ट्रंक माझ्या खाटेखाली ठेवली. सर हयात होते तोवर प्रत्येक सभेत कोणी ना कोणी त्यांना विचारायचं, सर, तिसरा कधी? त्यातले दोन-तीन जण मीच पाठवलेले असायचे. आयुष्यात मला जमलेला हा एवढाच सूड, आणि त्याची चव मी अजून जिभेवर ठेवून आहे. पहिला खंड मात्र त्यांच्या नावाने जिल्ह्यातल्या वाचनालयांत उभा राहिला. वेंगुर्ल्याची प्रत हरवली आहे. ती कुठे आहे हे मला माहीत आहे, कारण ट्रंकेत तिला जागा मीच केली.

त्या सभेनंतरच्या वर्षात बाबांना बाजाराचं वेड लागलं. सकाळची गाडी पकडून ते कधी मालवणला जायचे, कधी कसालला. कसालहून एकदा एक नारळ घेऊन आले. आई अंगणातल्या सात माडांखाली उभी राहून म्हणाली, “नारळ आणूक कसालाक?” रेडीहून काहीच आणलं नाही; किल्लो बघूक गेललंय, म्हणाले. बाबांनी उभ्या जन्मात किल्ल्याकडे मान वर करून बघितलेलं नव्हतं. आम्ही म्हटलं, बोटीवरच्या माणसाला घरात करमत नाही.

बाबांना जाऊन आता खूप वर्षं झाली, आईलाही. गेल्या महिन्यात पेपरात वाचलं, की एका सभागृहाला सरांचं नाव देणार आहेत. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी ठरवलं, की आता शिस्तीने करायचं. खिशात पेन्सिल घ्यायची, एकेका वाचनालयात जायचं, पहिला खंड मागायचा, बांगड्यांच्या ओळीखाली रेघ मारायची आणि समासात सही करायची. रोज एक चिमटी. सुरुवात कसालपासून केली, कारण गाडी तिथे वाचनालयाच्या दारातच थांबते आणि माझे गुडघे त्याहून पुढे ऐकत नाहीत. वाचनालयातल्या मुलीने पुस्तक शोधायला बराच वेळ घेतला. धूळ झटकत म्हणाली, “आजोबा, हे कोणी नेत नाही हो.” मी कोपऱ्यातल्या बाकावर बसलो, चोरासारखं इकडेतिकडे बघितलं आणि पान काढलं.

ओळीखाली रेघ आधीच होती. जाड, निळी. बाजूला समासात, वादळात बोट कलली तरी वाचता यावीत अशा अक्षरांत, लिहिलेलं होतं: ‘श्रीधर. माझो झील.’

मी पेन्सिल खिशात परत ठेवली. मुलगी बघत होती म्हणून चश्मा पुसला. मग, माझा स्वभाव काही चांगला नाही, मी पुस्तकाची सुरुवात उघडली. आतल्या पानावर सरांचं नाव मोठ्या टायपात होतं, आणि त्याच्या बरोब्बर खाली, बरणीवर लिहावं तसा, त्याच निळ्या पेन्सिलीने एकच शब्द.

‘अळणी.’